सेट बोलतो, पण ऐकत नाही

मी इंदूरहून बोलतोय. सैन्याच्या सिग्नल्स कोअरमध्ये माझी सगळी नोकरी झाली. जवळच महूला आमचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आहे. तिथं शिकलो, पुढे कधीतरी शिकवलंही, आणि निवृत्तीनंतर याच भागात घर केलं. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि टेबलावर सोल्डरिंग आयर्न, असं सध्याचं आयुष्य आहे.

आजचा विषय छोटा वाटेल. वायरलेस सेट चांगला बोलतो, पण त्याला नीट ऐकू येत नाही. असा सेट कसा तपासायचा? तुमच्यापैकी कुणी हौशी रेडिओवाले असतील, कुणी डोंगरातल्या शोधपथकात असतील, कुणाच्या कारखान्यात किंवा सोसायटीत वॉकीटॉकी असतील. या सगळ्यांना हा दोष कधी ना कधी भेटतो. आणि तो फार गप्प दोष आहे. सेटचं पाठवणं बिघडलं तर समोरचा लगेच सांगतो, "तुमचा आवाज तुटतोय." ऐकणं बिघडलं तर कोण सांगणार? जो हाका मारतोय, त्याची हाक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. तुम्हाला वाटतं, आज चॅनलवर शांतता आहे.

याची किंमत मी पाहिली आहे, म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

1987 सालचा हिवाळा. मी कॅप्टनही झालो नव्हतो. सिक्कीमच्या उत्तरेकडच्या एका उंच भागात आमची तुकडी होती. चौकीवर पंचवीसएक वॅटचा व्हीएचएफ सेट, आणि गस्तीला जाणाऱ्यांच्या पाठीवर दोनएक वॅटचा लहान सेट. सेटवर सातारा जिल्ह्यातला एक पोरगा ऑपरेटर होता. कामाला चोख, बोलायला कमी. एक दिवस तो मला म्हणाला, "साहेब, सेट कधीकधी ऐकत नाही. प्रेसल दोन-चार वेळा दाबला की मग येतं ऐकू." प्रेसल म्हणजे बोलताना दाबायचं बटण. मी विचारलं, "सकाळचा रेडिओ चेक कसा होता?" तो म्हणाला, "लाउड अँड क्लिअर, साहेब." मी म्हटलं, "मग झालं तर."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गस्त बर्फात अडकली. नेहमीची वाट बंद झाली होती. दुसऱ्या वाटेनं उतरायला परवानगी हवी म्हणून ते दुपारपासून हाका मारत होते. आम्हाला एकही हाक ऐकू आली नाही. उलट आम्ही त्यांना बोलवत होतो आणि ते आम्हाला स्वच्छ ऐकत होते, उत्तरही देत होते. रात्र त्यांनी उघड्यावर काढली. सगळे परत आले, पण एका जवानाची पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली.

मी काय केलं? ऑपरेटर झोपला असणार, असं धरून चाललो. त्याच्या बढतीची शिफारस थांबवली. तो दोनदा म्हणाला, "साहेब, मी जागा होतो." मी ऐकलं नाही.

तीन आठवड्यांनी सेट वर्कशॉपला गेला. तिथल्या एका केरळी हवालदारानं तो उघडला आणि मला बोलावून दाखवलं. सेटमध्ये एक रिले असतो. बटण दाबलं की तो अँटेना ट्रान्समीटरला जोडतो, सोडलं की रिसीव्हरला. पाठवायच्या बाजूचा कॉन्टॅक्ट चकचकीत होता. ऐकायच्या बाजूचा काळवंडला होता. पाठवताना त्यातून वॅटमध्ये शक्ती जाते, त्यात पातळ मळ टिकत नाही. ऐकताना तिथून जातात मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दशलक्षांश. एवढ्याशा सिग्नलला तो काळा थर फोडता येत नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबलं की कॉन्टॅक्ट घासला जातो आणि थोडा वेळ ऐकू यायला लागतं. हवालदार म्हणाला, "साब, लड़का ठीक बोला था."

सगळं निदान त्या पोराच्या एका वाक्यात होतं. आणि सकाळचा रेडिओ चेक? तो आम्ही तीन किलोमीटरवरच्या शेजारच्या चौकीशी करत होतो. तिथून सिग्नल इतका जोरात यायचा, की सेटचा कान शंभरात एक उरला असता तरी "लाउड अँड क्लिअर"च आलं असतं.

आता कामाकडे वळू.

पहिली पायरी, तक्रार नीट लिहून घ्या. सेट कुणी वापरला त्याला विचारा. दोष एकदम आला की हळूहळू? सगळ्या चॅनलवर आहे की एकाच? थंडीत होतो की सेट तापल्यावर? बटण दाबल्यावर, सेटला टपली मारल्यावर, केबल हलवल्यावर फरक पडतो का? दोष सुरू होण्याआधी काय घडलं होतं? वीज कडाडली, छतावर कुणी काम केलं, शेजारी नवीन यंत्र बसलं? या उत्तरांनी अर्धं काम होतं. एका रात्रीत आलेला मोठा दोष सहसा तुटलेल्या किंवा जळलेल्या भागाचा असतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेला दोष बहुतेकदा पाणी, गंज किंवा मळ यांचा असतो.

दुसरी पायरी, सेट न उघडता करायची. स्क्वेल्च पूर्ण उघडा. स्क्वेल्च म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं दार. ते फार घट्ट लावलं असेल तर कमजोर सिग्नल दारातच अडतो आणि आपण रिसीव्हरला दोष देतो. टोन लावला असेल तर तोही काढून पाहा. आता स्पीकरमधून एफएमची जोरदार खरखर यायला हवी. खरखरच मंद असेल तर दोष सेटच्या मागच्या भागात, म्हणजे आयएफ किंवा ऑडिओत शोधा. खरखर भरपूर आहे, पण दूरचा माणूस तिच्यात बुडतोय, तर दोष पुढच्या भागात आहे. म्हणजे अँटेना, केबल किंवा सेटचे पहिले टप्पे. व्होल्टेजही बघून घ्या. गाडीच्या सेटला 13.8 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, आणि ते सेट चालू असताना मोजायचे.

तिसरी पायरी, अदलाबदल. खात्रीचा दुसरा सेट त्याच केबलला, त्याच अँटेनाला लावा आणि तोच दूरचा कमजोर सिग्नल ऐका. त्यालाही ऐकू येत नसेल तर तुमचा सेट निर्दोष आहे, छतावर जा. इथं एक फसगत होते. लोक एसडब्ल्यूआर मीटर लावतात, काटा चांगला दाखवतो, आणि म्हणतात केबल उत्तम आहे. पण केबलमध्ये पाणी शिरलं असेल तर ती जाताना शक्ती खाते आणि परत येणारी शक्तीही खाते. परत काही येतच नाही, म्हणून मीटर खूश. खराब केबल एसडब्ल्यूआर सुंदर दाखवते, हे लक्षात ठेवा. चांगल्या आरजी-58 केबलमध्येसुद्धा दोन मीटर बँडवर 30 मीटर लांबीला 5 ते 6 डेसिबल जातात, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच संपते. त्यात कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी असेल तर बोलायलाच नको.

मग पाठवणं का बिघडत नाही, असं तुम्ही विचाराल. बिघडतं, पण जाणवत नाही. तुमच्याकडे पंचवीस वॅट, समोरच्याकडे दोन. तुमचे पंचवीसचे पाच झाले तरी तुम्ही त्याला ऐकू जाता. त्याचे दोन वॅट आधीच काठावर असतात, ते बुडतात. अशा स्टेशनला रेडिओवाले गमतीनं मगर म्हणतात. तोंड मोठं, कान बारीक.

चौथी पायरी, मोजणं. इथं मी गेल्या वर्षीचं एक उदाहरण देतो. पुराच्या दिवसांत नर्मदाकाठी मदतीला जाणारा परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा एक छोटा गट आहे. त्यातली एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी सेट घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, सगळे म्हणतात तुमचा सिग्नल फाइव्ह-नाइन आहे. पण हँडसेटवाले आम्हाला येतच नाहीत." मी विचारलं, "कधीपासून?" "जूनमध्ये मोठी वीज झाली ना, तेव्हापासून असावं." बघा, तक्रार नीट घेतली की असं असतं.

सेट 144 ते 146 मेगाहर्ट्झचा होता. टेबलावर सिग्नल जनरेटर लावला. पण त्याआधी सेटचा माइक काढून बाजूला ठेवला. चुकून बटण दाबलं गेलं तर सेटचे पंचवीस वॅट जनरेटरमध्ये शिरतात आणि त्याचा अटेन्युएटर जळतो. ही चूक जन्मात एकदाच परवडते.

रिसीव्हरचा कान मोजायची नेहमीची रीत म्हणजे 12 डेसिबल सिनॅड. जनरेटरच्या सिग्नलवर 1000 हर्ट्झचा टोन चढवायचा. पाच किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या सेटला तीन किलोहर्ट्झ, अरुंद चॅनलच्या अडीचवाल्याला दीड. मग सिग्नल कमी कमी करत जायचं, जोपर्यंत स्पीकरमधला टोनसकट एकूण आवाज हा टोन वगळून उरलेल्या खरखरीच्या चौपट राहतो. त्या वेळी जनरेटर किती मायक्रोव्होल्ट दाखवतो, ती सेटची सेन्सिटिव्हिटी. चांगल्या व्हीएचएफ सेटला 0.25 मायक्रोव्होल्टच्या आसपास पुरतात. ते म्हणजे उणे 119 डीबीएम. सिनॅड मीटर नसेल तर दुसरी रीत आहे. टोन न लावता सिग्नल वाढवत जा आणि स्पीकरवरचं खरखरीचं एसी व्होल्टेज दहाव्या हिश्शावर आलं की थांबा. हा आकडा वेगळा येतो, पण त्याच सेटची कालची आणि आजची तुलना करायला पुरतो. सेटच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या दांड्यांवर मात्र विसंबू नका. ते माप नाही, शोभा आहे.

त्या मुलीच्या सेटला लागले पाच मायक्रोव्होल्ट. 0.25 च्या जागी पाच, म्हणजे वीसपट, म्हणजे 26 डेसिबल. याचा अर्थ तिला विचारला तर तिनं बरोबर सांगितलं: पूर्वी जेवढ्या शक्तीचा सिग्नल ऐकू यायचा, त्याच्या चारशेपट शक्ती आता लागतेय. मोकळ्या दृष्टिरेषेत हा पल्ला विसाव्या हिश्शावर येतो. जमिनीलगत हिशोब वेगळा असतो, तरी पल्ला चौथ्या-पाचव्या हिश्शावर आलाच. पुराच्या पाण्यात होडीतून हँडसेटवर बोलणारा माणूस त्या हरवलेल्या पल्ल्यात असतो.

पाचवी पायरी, सेटच्या आत. इथं नव्या माणसाचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. कॉइल फिरवून बघू, म्हणतो. कृपा करून तसं करू नका. 26 डेसिबल एका रात्रीत ट्यूनिंग सरकून जात नाहीत. तुम्ही गाभे फिरवाल, एखादा फुटेल, आणि एका दोषाचे तीन होतील.

त्याऐवजी सिग्नलच्या वाटेनं चाला. अँटेनाच्या सॉकेटपासून आधी स्विच लागतो. जुन्या सेटांत रिले, नव्यांत पिन डायोड. मग गाळणी, मग आरएफ अॅम्प्लिफायर, पुन्हा गाळणी, मिक्सर, आणि पुढे आयएफ, जिथं क्रिस्टल फिल्टर असतो आणि बऱ्याच सेटांत शेवटी 455 किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर. जनरेटरच्या टोकाला एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे आतलं डीसी जनरेटरमध्ये येणार नाही. मग एकेका टप्प्यावर सिग्नल सोडत मागे जा. नियम सोपा आहे. टप्पा निरोगी असेल तर तो ओलांडून मागे गेल्यावर तुम्हाला जास्त सिग्नल द्यावा लागतो, कारण त्याची मदत गेली. टप्पा ओलांडल्यावर कमी सिग्नल पुरायला लागला, तर तो टप्पा मदत करत नाहीये, उलट वाटेत आडवा पडलाय. स्विच आणि गाळण्या मुळात थोडं खातातच, त्यांच्या बाबतीत एकदोन डेसिबलचा फरक धरू नका, मोठी उडी बघा. आत शिरल्यावर इंपिडन्स जुळत नाही म्हणून आकडे ढोबळच येतात, पण उडी कुठे आहे ते लपत नाही.

आमच्या सेटमध्ये स्विचनंतर सिग्नल सोडला, तरी जवळपास पाचच लागले. म्हणजे स्विच ठीक. आरएफ अॅम्प्लिफायरच्या पुढे सोडला, तर एक मायक्रोव्होल्टच्या आत काम झालं. दोषी सापडला. मग मल्टिमीटर घेतला. त्या फेटच्या ड्रेनवर पूर्ण सप्लाय व्होल्टेज दिसत होतं, रेझिस्टरवर थेंबभरही उतरत नव्हतं. म्हणजे त्यातून करंटच वाहत नव्हता. विजेच्या वेळी अँटेनात आलेल्या झटक्यानं फेट गेला होता. अँटेनाच्या सर्वात जवळ बसणारा हा बिचारा शिपाई असतो, पहिला मार तोच खातो. जवळून दुसऱ्या सेटनं जोरात पाठवलं तरीही तो असाच जाऊ शकतो. तिनं स्वतः नवा फेट लावला. पुन्हा मोजलं. 0.25.

इतर दोषांच्या खुणाही सांगून ठेवतो. आवाज फाटका आणि सेन्सिटिव्हिटीही कमी असेल, तर रिसीव्हर आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकलाय का ते बघा. जनरेटर थोडा वर-खाली केल्यावर आवाज सुधारला, तर ऑसिलेटरचा दोष. आपोआप कडकड होते, सेन्सिटिव्हिटी येते-जाते, तर सिरॅमिक फिल्टर संशयित. टपलीनं फरक पडतो, तर सोल्डरला तडा. आणि बटण दाबल्यावर सुधारतो, तर... ते मी 1987 मध्ये शिकलो.

सहावी पायरी बहुतेक लोक विसरतात. ती मुलगी सेट घेऊन गेली आणि दोन दिवसांनी फोन आला. "काका, बरं झालंय, पण पूर्ण नाही." मी म्हटलं, चल, जाऊन बघू. टेबलावर शांतता असते, छतावर नसते. तिथं अँटेना सिग्नलही आणते आणि आजूबाजूचा कचराही. हे मोजायला जनरेटरचा सिग्नल एका टी-जोडातून, अगदी सैल जोडून, सेटकडे जाणाऱ्या वाटेत टाकायचा. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड लावून 12 डेसिबल सिनॅडचा आकडा घ्यायचा. मग डमी लोड काढून अँटेना लावायची. मात्र हा प्रयोग आभाळ स्वच्छ असतानाच करायचा. अँटेना लावल्यावर आम्हाला 15 डेसिबल जास्त सिग्नल द्यावा लागला. सेट निरोगी होता, पण गोंगाटात उभा होता.

मग सेट बॅटरीवर घेतला आणि इमारतीचे एमसीबी एकेक करून बंद केले. तिसऱ्या एमसीबीला खरखर बसली. त्या लाइनवर सीसीटीव्हीचे स्वस्त अडॅप्टर होते, अँटेनापासून दोन मीटरवर. अडॅप्टर बदलले, फेराइटचे मणी घातले, अँटेना छताच्या दुसऱ्या टोकाला नेली. 15 चे दोन-तीन डेसिबल राहिले. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलरचे कंट्रोलर, आजकाल सगळ्या छतांवर ही मंडळी असतात. सेट उघडण्याआधी त्यांना एकदा बंद करून बघत जा.

आता, सेट बिघडायच्या आधी काय करायचं, ते सांगून संपवतो.

एक, दर पावसाळ्याआधी प्रत्येक सेटची सेन्सिटिव्हिटी मोजा आणि तारखेसह चिठ्ठी लिहून सेटवर चिकटवा. मागचा आकडा नसेल तर आजचा आकडा मुका असतो. दोन, रेडिओ चेक जवळच्या माणसाशी करू नका. सर्वात दूरच्या, सर्वात कमी वॅटच्या सेटशी करा. आणि "माझा आवाज कसा येतोय" एवढंच विचारून थांबू नका. ते उत्तर तुमच्या ट्रान्समीटरचं आहे. "मला तुझा आवाज असा येतोय" हेही बोला आणि वहीत लिहा. तीन, विजा चमकायला लागल्या की अँटेनाची केबल सेटपासून काढून ठेवा, आणि त्या वेळी छतावर जाऊ नका. चार, भूज असो की आपल्याकडचे पूर, जिथं मोबाइल पडतात तिथं हे सेट उभे राहतात. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये हौशी रेडिओवाल्यांनी किती निरोप पोहोचवले, ते जुन्या लोकांना आठवत असेल. त्या दिवशी सेट दुरुस्त करायला वेळ नसतो.

आणि पाच. सेट वापरणारा माणूस काही सांगत असेल, तर ते विचित्र वाटलं तरी लिहून घ्या. त्याच्याकडे मीटर नसतो, पण तो दिवसरात्र त्या सेटजवळ बसलेला असतो.

साताऱ्याच्या त्या पोराची मी माफी मागितली. पुरेशी उशिरा, पण सगळ्या तुकडीसमोर मागितली. शिफारस पुन्हा पाठवली. त्या वर्षीची यादी तोवर निघून गेली होती, त्याला पट्टी पुढच्या वर्षी मिळाली. तो काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ चेक झाल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, आज लांबच्या गस्तीशी चेक केला. त्यांचा आवाज थोडा बारीक येतोय. लिहून ठेवू का?"

मी म्हटलं, "लिही."